पेपर चार दिवसांत स्वीकारला गेला तेव्हा

तासगावच्या बेदाणा शेडवर मी दोन हंगाम काढले. लवकर सुकावेत म्हणून डिपिंग ऑइलमध्ये बुडवून काढलेले द्राक्षांचे घड जाळीवर पडल्यापासून त्यांचा ओलावा कसा उतरतो, त्याच्या नोंदी घेत होते. त्या नोंदींवरचा पहिला पेपर, म्हणजे शोधनिबंध, सोमवारी एका जर्नलला पाठवला आणि शुक्रवारी तो स्वीकारल्याचं पत्र आलं. सांगलीत खोलीवर आम्ही पेढे वाटले.

चार दिवसांत पेपर कुणी वाचत नाही. खऱ्या जर्नलचा संपादक आधी स्वतः चाळतो. विषय बसत नसेल तर तिथूनच परत पाठवतो. बसला तर दोन-तीन परीक्षक गाठायचे. ते बहुधा बिनपैशाने, आपली नोकरी सांभाळून वाचतात. महिने जातात ते यात. माझ्या पत्रात परीक्षकाची एक ओळही नव्हती.

आणि मी तपासलं नव्हतं असं नाही! यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) केअर यादीत, म्हणजे मान्य जर्नलच्या यादीत, नाव होतं. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख-क्रमांक, तोही जुळत होता. जुळणारच, कारण नाव आणि आकडा खऱ्या जर्नलचेच होते. वेबसाइट तेवढी भामट्यांची. याला क्लोन जर्नल म्हणतात. म्हणून मेलमध्ये आलेल्या लिंकवरून कधीही आत शिरू नका. ग्रंथालयात छापील अंक मिळाला तर त्यावरचा पत्ता बघा. जुन्या लेखाचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) टाकून तो कुठल्या साइटवर उघडतो ते पाहा. संपादक मंडळातल्या एखाद्याला त्यांच्या विद्यापीठाच्या मेलवर सरळ विचारा. यातलं एकच करून थांबू नका, मी नुसती यादी आणि आकडा बघून थांबले होते. केअर यादी तर फेब्रुवारी 2025 मध्ये बंदच झाली, आता तपासणी आपल्यालाच करायची आहे.

जर्नलने पैसे मागितले म्हणजे फसवणूक, असं मात्र नाही. ओपन ॲक्सेसची, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी, बरीच चांगली जर्नल्स लेखकाकडून फी घेतात. पण मला आलेला क्यूआर कोड एका व्यक्तीच्या खात्याचा होता, आणि मी भरले.

पेपर मागे घ्यायला त्यांनी पुन्हा पैसे मागितले. एकदा छापलेलं नवीन म्हणून दुसरीकडे देता येत नाही. पुढच्या संपादकांना मी पत्रातच सगळं लिहून कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं. घाबरून लपवू नका, लोक समजून घेतात.

"ओळखीनं छापून देतो" म्हणणाऱ्या सरांपासून लांब राहा. मसुदा लाल शाईने भरून परत देणारा गाइड मिळाला तर त्याला सोडू नका, कितीही रागावू देत. घाईही नको: यूजीसीच्या पीएचडीबद्दलच्या 2022 च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती नाही. तुमच्या विद्यापीठाचा नियम तेवढा वाचून घ्या.

नव्या जर्नलकडून पाच महिन्यांनी दोन परीक्षकांचे चौदा मुद्दे आले. पहिलाच होता: शेडमधली आर्द्रता कुठल्या उंचीवर मोजली? ते मी लिहायलाच विसरले होते. वही काढून प्रत्येक मुद्द्याखाली उत्तर लिहिलं आणि परवा पाठवलं.