कोलोकेशनचा खर्च काढायचा तर विजेपासून सुरुवात करा

होस्टिंगचा धंदा सुरू करायचा म्हणून कोलोकेशनची, म्हणजे स्वतःचे सर्व्हर दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ठेवण्याची, चौकशी करणारा जवळपास प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो: पूर्ण रॅक (सर्व्हर बसवायची उभी चौकट) केवढ्याला पडतो? या उत्तरावर धंद्याचं गणित मांडू नका. रॅकचं भाडं हा बिलातला सगळ्यात सरळ आकडा. त्यात कुणी सहसा फसत नाही, फसतात ते विजेत. ४२ यूचा (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) रॅक म्हणजे १ यूचे ४२ सर्व्हर, असा भागाकार करून ज्यांनी ग्राहकांसाठी दर ठरवले त्यांचे आकडे काही महिन्यांत कोलमडलेले मी पाहिले आहेत. माझेही कोलमडले होते, चूक वेगळी असली तरी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. चार-पाच सर्व्हरच्या आतच काम असेल तर कोलोकेशनच्या फंदात पडू नका, भाड्याचे डेडिकेटेड, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेले, सर्व्हर घ्या. स्वतःचं हार्डवेअर घेऊन डेटा सेंटरमध्ये जायचं ते किमान पाऊण रॅक विजेच्या हिशेबाने भरेल अशी खात्री असेल तेव्हाच.

पायरी १: यादी

प्रत्येक यंत्राची उंची किती यू, पॉवर सप्लाय किती, नेटवर्क पोर्ट किती, आयपी किती. स्विच आणि फायरवॉलही यादीत हवेत. बस.

पायरी २: वीज

पॉवर सप्लायवर ७५० वॅट छापलेलं असतं. तो सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा तो आकडा आहे. सर्व्हर तेवढी वीज ओढतो असा त्याचा अर्थ नाही. तरी लोक यादीतली लेबलं बेरजेला घेतात आणि घाबरून गरजेच्या दुप्पट वीज करारात बांधून घेतात. दुसरे लोक याच्या उलट करतात. नवा सर्व्हर टेबलावर चालू करतात, रिकामा असताना मीटर १४० वॅट दाखवतो, तोच आकडा वहीत उतरवतात. ही चूक पहिलीपेक्षा महाग पडते, कारण ती सहीनंतर, ग्राहक आल्यावर कळते.

मोजायची पद्धत एकच. सर्व्हर वॅटमीटरवर लावा, सगळ्या डिस्क आणि सगळी मेमरी बसवलेली असू द्या, आणि स्ट्रेस-एनजीसारख्या प्रोग्रामने सगळे कोअर व डिस्क निदान तासभर राबवा. पाच मिनिटं पुरत नाहीत. यंत्र तापलं की पंखे वेग घेतात, आणि १ यूच्या पेटीतले ते छोटे पंखे चांगलीच वीज खातात. तासाभराने जो आकडा स्थिर दिसेल तो तुमचा आकडा. वॅटमीटर नसेल तर सर्व्हरच्या आयपीएमआयमधलं (सर्व्हरवर दुरून देखरेख ठेवायची अंगभूत सोय) रीडिंग चालेल.

आता सर्किट. समजा डेटा सेंटर २३० व्होल्टवर १६ अँपिअरचं सर्किट देतंय. गुणाकार ३,६८० वॅटचा होतो, पण तेवढी वीज तुमची नाही. सतत चालणारा भार ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नसतो. अमेरिकेच्या वीजसंहितेत हा नियमच आहे, आणि इतरत्रही अनेक डेटा सेंटर करारात हीच मर्यादा घालतात. म्हणजे हाती येतात १२.८ अँपिअर, २,९४४ वॅट. त्यातून दोन स्विचचे मिळून २०० वॅट काढा. उरले २,७४४.

लेबलवरच्या ७५० वॅटने भागलं तर रॅकमध्ये ३ सर्व्हर बसतात. रिकाम्या सर्व्हरच्या १४० वॅटने भागलं तर १९. आणि राबवून मोजलेल्या आकड्याने, समजा ३१० वॅटने, भागलं तर ८. तोच रॅक, तेच सर्व्हर, आणि उत्तरं ३, १९ आणि ८. खरं उत्तर ८ आहे. ४२ यूपैकी तीसेक यू रिकामे राहतील आणि त्यांचं भाडं तुम्ही भरणार आहात, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. नाहीतर जास्त विजेचं सर्किट मागा आणि त्याचा वेगळा दर हिशेबात घ्या.

इथपर्यंत मीही बरोबर आलो होतो. माझं चुकलं ते दोन फीडच्या, म्हणजे रॅकला येणाऱ्या विजेच्या दोन वाटांच्या, ठिकाणी, आणि तो धडा मला फार महागात पडला.

बहुतेक चांगल्या ठिकाणी रॅकला ए आणि बी असे दोन स्वतंत्र फीड मिळतात. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, एक ए वर, एक बी वर. भार दोन्हींवर जवळपास निम्मा-निम्मा वाटला जातो. माझ्याकडे दोन्ही फीड १६ अँपिअरचे होते आणि रॅकमध्ये १६ सर्व्हर. गर्दीच्या वेळी पीडीयूच्या (रॅकमध्ये वीज वाटणारी पट्टी) लाल आकड्यांत ए वर ११.३ दिसायचे, बी वर ११.१. दोन्ही १२.८ च्या आत. मी महिनोन् महिने ते आकडे पाहून निर्धास्त होतो.

मग डेटा सेंटरने ए फीडची देखभाल काढली. आठवडाभर आधी कळवलं होतं, त्यांच्याकडून काहीच चुकलं नाही. ठरल्या वेळी ए बंद झाला आणि सगळा भार बी वर आला: २२.४ अँपिअर, १६ च्या ब्रेकरवर. ब्रेकर लगेच पडला नाही. दहा-बारा मिनिटं सगळं सुरळीत दिसत होतं, मी ग्राहकांना तसा निरोपही पाठवला. आणि मग पूर्ण रॅक एका क्षणात काळा पडला.

दोन फीड म्हणजे दुप्पट वीज नव्हे. दुसरा फीड पहिला गेला तर सगळा भार पेलण्यासाठी आहे. म्हणून ए आणि बी यांची बेरीज एका सर्किटच्या ८० टक्क्यांत बसली पाहिजे. प्रत्येक फीडवर ४० टक्क्यांच्या वर आकडा दिसला की समजा, तुमचा दुसरा फीड नावापुरता उरलाय. विक्री विभागातली माणसं "दोन फीड मिळून ३२ अँपिअर" असं बोलतात. तुमच्या हिशेबात तो आकडा येऊच देऊ नका.

मला १६ पैकी ८ सर्व्हर हलवून दुसरा रॅक घ्यावा लागला. प्रति सर्व्हर जागेचा आणि सर्किटचा खर्च एका दिवसात दुप्पट, आणि ग्राहकांना वर्षभराचे दर आधीच देऊन बसलो होतो.

याच पायरीत वीज कशी आकारतात ते लेखी विचारून घ्या. दोन पद्धती आहेत. एकीत ठरावीक किलोवॅटचे पैसे भरायचे, वापरा वा न वापरा. दुसरीत मीटरवर युनिटचे. मीटरचा दर ऐकून खूश होण्याआधी पीयूई विचारा, म्हणजे यंत्रांच्या एका युनिटमागे थंडाव्यासकट एकूण किती युनिट लागतात ते. आठ सर्व्हर सरासरी २२० वॅट ओढतात आणि स्विच २००, म्हणजे १.९६ किलोवॅट. महिन्याचे ७२० तास धरून १,४११ युनिट. पीयूई १.५ लावला की बिलात येतात २,११७. ही ७०० युनिटं दरपत्रकात कुठेच दिसत नाहीत.

कमी-जास्त पाहायचं झालं तर माझं मत स्पष्ट आहे: नव्या धंद्याला मीटरची पद्धत बरी. सुरुवातीला रॅक भरलेला नसतो, न वापरलेल्या विजेचे पैसे तेव्हा फार बोचतात.

पायरी ३: बँडविड्थ

पोर्ट १ गिगाबिटचा म्हणून १ गिगाबिटचे पैसे, असं बहुधा नसतं. दर ५ मिनिटांनी वेगाची नोंद होते. ३० दिवसांच्या महिन्यात अशा ८,६४० नोंदी होतात. त्यातल्या वरच्या ५ टक्के, म्हणजे ४३२, सोडून देतात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या नोंदीवर बिल लावतात. यालाच ९५ वा पर्सेंटाइल म्हणतात. सोडलेल्या ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. महिन्यात ३६ तासांपर्यंत वेग कितीही चढला तरी बिल वाढत नाही.

सरासरीवर अंदाज बांधणारे इथे बुडतात, आणि बुडवतो तो बॅकअप. समजा ग्राहकांची वाहतूक १५० एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद) आसपास आहे, आणि रोज रात्री दोन तास बाहेरच्या ठिकाणी ६०० एमबीपीएसने बॅकअप जातो. दोन तास गुणिले ३० म्हणजे ६० तास. ते ३६ च्या वर गेले, म्हणून पूर्ण महिन्याचं बिल ६०० च्या दराने येईल. तोच ५४० जीबीचा बॅकअप वेगाला लगाम घालून आठ तासांत सोडला तर १५० एमबीपीएस पुरतात, आणि रात्रीची तुरळक वर्दळ धरून एकूण वेग दोनशेच्या आसपास राहतो. सेटिंगमधल्या एका ओळीने बिल निम्म्याहून खाली येतं. अंदाज काढतानाच बॅकअपचं वेळापत्रक समोर ठेवा.

हल्ल्याची वाहतूक मोजणीत धरतात का, हेही विचारा. लांबलेला डीडॉस हल्ला (असंख्य यंत्रांवरून एकाच वेळी होणारा वाहतुकीचा मारा) ३६ तासांची सूट खाऊन टाकतो.

किमान बांधिलकी, म्हणजे दरमहा पैसे भरावेच लागणारी बँडविड्थ, कमी घ्या आणि वरच्या वापराचा दर करारात आधीच लिहून घ्या. उलटं करू नका.

पायरी ४: आयपी पत्ते

आयपीव्ही४ या जुन्या प्रकारच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आता पत्ते भाड्याने किंवा विकत घ्यायचे, आणि होस्टिंगमध्ये ते पटापट संपतात. डेटा सेंटरचे पत्ते सोपे, पण जागा बदलली की ते सुटतात आणि प्रत्येक ग्राहकाचं डीएनएस (साइटचं नाव पत्त्याशी जोडणारी नोंद) हलवावं लागतं. स्वतःचे घ्यायचे तर २५६ पत्त्यांचा संच घ्या, त्याहून लहान संचाचा मार्ग इंटरनेटवरची इतर नेटवर्कं सहसा स्वीकारत नाहीत. भाड्याचा संच घेण्याआधी तो स्पॅमच्या काळ्या यादीत आहे का ते तपासा.

पायरी ५: बारीकसारीक

क्रॉस कनेक्ट: डेटा सेंटरमध्ये तुमचा रॅक दुसऱ्या नेटवर्कला जोडणाऱ्या प्रत्येक तारेचं मासिक भाडं, मोजून धरा. सुरुवातीचं शुल्क: एकदाच, करारकालावर भागा. रिमोट हँड्स, म्हणजे डेटा सेंटरच्या माणसांनी तुमच्या वतीने केलेलं काम: १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्याने आकारतात, रात्री आणि सुट्टीला दर चढतो. महिन्याला दोन तास धरा, पहिल्या तीन महिन्यांत चार. सुटे भाग: प्रत्येक प्रकारची एक डिस्क आणि एक पॉवर सप्लाय डेटा सेंटरमध्येच ठेवलेले असावेत. कंट्रोल पॅनेलचा (होस्टिंगची खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर) परवाना: सीपॅनेल २०१९ पासून खात्यांच्या संख्येवर पैसे घेतं, म्हणून तो खर्च सर्व्हरमागे न धरता ग्राहकामागे धरा. हार्डवेअर: चार वर्षांवर भागा. पाच वर्षांवर भागून दर खाली आणणाऱ्यांचं ऐकू नका, पाचव्या वर्षी डिस्क बदलण्यातच तो फायदा जातो.

पायरी ६: भागाकार

आता सगळी बेरीज सर्व्हरच्या संख्येने भागायची, पण कोणत्या संख्येने? आठाने नक्कीच नाही. एक सर्व्हर बिघाडासाठी तयार ठेवावा लागतो. उरलेल्या सातांपैकी सगळे कायम विकलेले कधीच नसतात. मी पाचाने भागतो. पाचाने भागून आलेल्या दरात ग्राहक मिळत नसतील तर ते सही करण्याआधीच कळलेलं बरं. पहिल्या सहा महिन्यांसाठी तीनाने भागलेला वेगळा तक्ता करा, आणि त्यातली तूट हातातल्या भांडवलातून भरून निघते का ते बघा. भाडं आणि बांधून घेतलेली बँडविड्थ पहिल्या दिवसापासून पूर्ण लागते, ग्राहक मात्र एकेक करून येतात.

हे झालं की तीन ठिकाणांहून कोटेशन मागवा, आणि प्रत्येकाकडून कोटेशनसोबत चालू ग्राहकाच्या बिलाचा नमुना घ्या, नाव झाकून दिला तरी चालेल. कोटेशनमध्ये नसलेल्या ओळी बिलात सापडतात. त्या ओळींवर बोट ठेवून एकेकीचा दर आणि वर्षागणिक होणारी वाढ करारात लिहून घ्या, विजेच्या दराची सगळ्यात आधी.