मूकपटाला थेट संगीत देताना क्यू सरकत होते, त्यावरचा उपाय

तालीम डिजिटल प्रतीवर आणि प्रयोग १६ मिमी प्रोजेक्टरवर केला, की आमचा संगीतातला प्रत्येक बदल, म्हणजे क्यू, दृश्याच्या आधीच यायचा. दोष वेगाचा होता: डिजिटल प्रत सेकंदाला २४ फ्रेमची, प्रोजेक्टर १८ वर. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम असतात. म्हणजे १०० फूट फिल्म १८ वर ३ मिनिटं ४२ सेकंद चालते, २४ वर २ मिनिटं ४७ सेकंद.

क्यू मिनिटांत लिहिणं बंद केलं. फ्रेम क्रमांक मोजून १८ ने भागायचं. पण प्रोजेक्टरची मोटरही अगदी एकसारखी चालत नाही, म्हणून आकडा फक्त सावध होण्यापुरता. खरा क्यू दृश्यखुणेवर, जसं काळी फ्रेम किंवा ओरखड्यांचा पट्टा. आमच्यापैकी एकाने फक्त पडदा पाहायचा, हे फार महत्त्वाचं.

ड्रोन (सलग लांबलेला सूर) बदलताना ३०-४० सेकंदांचा क्रॉसफेड ठेवला, म्हणजे जुना हळूहळू कमी आणि नवा हळूहळू मोठा केला, की चार-पाच सेकंदांची चूक विरघळते. एकदम शांतता हवी तिथे मात्र सिंथ (सिंथेसायझर) बंद करून भागत नाही. रिव्हर्बची (घुमण्याच्या इफेक्टची) शेपूट कटवरून पुढे वाहते. रिव्हर्बचा रिटर्नच, म्हणजे मिक्सरवर परत येणारा घुमता आवाजच, म्यूट करायचा.

मिडी क्लॉक (वाद्यं आणि लॅपटॉप एका लयीत ठेवणारा सिग्नल) एकाच लॅपटॉपवरून; दुसरा त्याच्यामागे.