कार्बोरेटर शिकताना स्क्रूला हात शेवटी

कळंबा रोडच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजला लागलो. पहिल्याच महिन्यात एक जुनी पद्मिनी मोटार आली. मालक निवृत्त गुरुजी. म्हणाले, "पोरा, व्हीनस कॉर्नरच्या सिग्नलला हमखास बंद पडती बघ. परत मारायला गेलो की घेतच न्हाई. आणि पेट्रोलचा वास तर घरात येतोय."

मी लगेच स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कार्बोरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचे, स्क्रू धरले. स्लोचा (उभ्या गाडीत इंजिन हळू चालण्याचा) स्क्रू, मिक्स्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) स्क्रू, दोन्ही आलटून पालटून फिरवत बसलो. अर्धा दिवस गेला. गाडी कधी धडधडायची, कधी काळा धूर सोडून गप्प व्हायची. मिस्त्री शेजारच्या गाडीचे ब्रेक करत होते. ते उठून आले, एअर क्लीनर काढायला लावला आणि म्हणाले, "आता चालू कर, आणि वरनं आत बघ."

नव्या मुलांनी सगळ्यात आधी हेच बघायला शिकावं. इंजिन स्लोवर असताना पेट्रोल थ्रॉटलच्या, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, पाकळीखालच्या बारीक भोकातून येतं. वरच्या नळीतून, म्हणजे मेन नोझलमधून, तेव्हा काहीच येता कामा नये. गुरुजींच्या गाडीत तिथून टपटप थेंब पडत होते. मिस्त्री म्हणाले, "पेट्रोल वरनं पडतंय आणि तू खालनं आवळतोयस." मिक्स्चरचा स्क्रू पूर्ण आत नेला तरी इंजिन चालूच राहतं, याचा अर्थ त्या दिवशी मला कळला. त्याला पेट्रोल दुसरीकडून मिळत असतं, किंवा थ्रॉटल जास्त उघडा ठेवलेला असतो. दोन्ही बाबतीत मिक्स्चरच्या स्क्रूचा दोष नसतो.

असं पेट्रोल वाहण्याचं, म्हणजे ओव्हरफ्लोचं, मूळ बहुतेक वेळा बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीत, सापडतं. पेट्रोल भरलं की फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ डबा, वर येतो, नीडल नावाची टोकदार सुई वर ढकलतो आणि पेट्रोल येण्याची वाट बंद होते. या साखळीतलं काहीही बिघडलं की बाऊल भरून वाहतो. वर्षानुवर्षं बसून बसून नीडलच्या टोकावर एक गोल रिंग उमटते. ती डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून मिस्त्री नखाने तपासायचे. नख टोकावरून हलकेच ओढायचं. अडकलं की नीडल बाद. नीडल बदलायची तर ती जिथं टेकते त्या सीटसकट. टाकीतल्या गंजाचा एक कण सीटवर बसला तरी पेट्रोल थांबत नाही, त्यामुळे फिल्टर आणि टाकीही बघावी लागते.

मी नीडल आणि सीट नवी टाकली. गाडी चालू केली तर थेंब आधीपेक्षा जोरात! मला काही सुचेना. मिस्त्रींनी वरचं झाकण परत उघडलं आणि सीटखाली बोट ठेवलं. तिथला वॉशर मी बसवलाच नव्हता. सोलेक्सच्या या कार्बोरेटरमध्ये नीडलची सीट झाकणात आवळलेली असते आणि तिच्याखालच्या वॉशरच्या जाडीवर बाऊलमधली पातळी ठरते. वॉशर जाड असला की सीट खाली उतरते, फ्लोट लवकर वाट बंद करतो आणि पातळी कमी राहते. वॉशर पातळ असला किंवा नसलाच, की पातळी चढते, शिवाय आट्यांतूनही पेट्रोल झिरपतं. नखाएवढी चकती, पण तिच्यामुळे माझं दिवसभराचं काम वाया गेलं होतं. तेव्हापासून झाकण उघडलं की जुना वॉशर मी कागदावर ठेवतो, त्याची जाडी मोजतो आणि मगच पुढे जातो.

फ्लोटही तपासायला हवा. पितळी फ्लोट कानाजवळ नेऊन हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवून धरा, बुडबुडे जिथून येतील तिथं भोक. भोकाला डाग (सोल्डर) लावण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण निघालेलं असलंच पाहिजे, नाहीतर तो हातात फुटेल. डाग जाड झाला तर फ्लोट जड होतो आणि पातळी पुन्हा चढते. म्हणून मिळत असेल तर नवाच टाका.

एक गोष्ट हल्ली वारंवार बघतो. जुना मेकॅनिकल पंप गेला म्हणून कुणीतरी एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणाऱ्या, गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावून देतो. मेकॅनिकल पंप साधारण 3 ते 4 पीएसआय दाब देतो, इंजेक्शनच्या पंपाचा दाब 40 च्या आसपास असतो. तो दाब कुठलीच नीडल अडवू शकत नाही. अशा गाडीत कितीही कीट बदला, पेट्रोल वाहणारच.

गगनबावड्याचा किंवा आंबा घाट चढून आलेली गाडी थांबवली आणि दहा मिनिटांनी घेतली नाही, तर लगेच बाऊल उघडू नका. इंजिनच्या उष्णतेने बाऊलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेत, उतरतं. अॅक्सिलरेटर पंप करायचा नाही, त्याने आणखी पेट्रोल जातं. पाय पूर्ण खाली दाबून धरायचा, पाच-सात सेकंद सेल्फ मारायचा, थोडं थांबायचं, परत मारायचा. गाडी घेते.

ओव्हरफ्लो झालेल्या गाडीची ऑइलची काडी काढून वास घ्यायला विसरू नका. पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरलं की ऑइल पातळ होतं. गुरुजींच्या गाडीचं ऑइल तसंच झालं होतं, आम्ही ते बदललं. कार्बोरेटर उघडताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली आणि पावडरचा अग्निशामक हाताशी असावा. यात मी कधीच तडजोड करत नाही.

पातळी बसली, थेंब थांबले, तरी गाडी स्लोवर धडधडतच होती. इथून दुसरं काम सुरू होतं. आधी काळे झालेले प्लग साफ केले. मग प्लगच्या वायरी कोरड्या कापडाने धरून एकेक काढून पाहिल्या. वायर काढल्यावर इंजिन खाली बसलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर दुखणं तिथं. सगळे सिलिंडर सारखेच निघाले, म्हणून डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट पाहिले. गॅप साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर लागतो, तो ठीक होता. मग कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं आणि आवाज बदलला. बुडाखालच्या पॅकिंगमधून हवा ओढली जात होती. बूड काचेवर ठेवलं तर ते वाकडं झालेलं. काचेवर बारीक एमरी पेपर पसरून घासून सपाट केलं, नवी पॅकिंग टाकली. स्लोचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, हवा मारून साफ केला. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट गेला.

आता कुठे स्क्रूची पाळी. इंजिन गरम, चोक पूर्ण उघडा. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकवायचा, आवळायचा नाही, आणि दीड आटा बाहेर घ्यायचा. मग कानाने ऐकत थोडा आत, थोडा बाहेर, जिथं इंजिन सगळ्यात गोड चालेल तिथं सोडायचा. पहिल्या पगारातून व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनची हवा ओढण्याची ताकद मोजणारं यंत्र, घ्या. पुस्तकात स्लोवर 17 ते 21 इंच (पारा) लिहिलेलं असतं, पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथं दीड-दोन इंच कमीच दिसणार. आकड्यापेक्षा काटा स्थिर आहे का ते बघा.

इथेनॉलबद्दल नव्यांनी नीट समजून घ्यावं. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत ते तयार होतं आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं. जुन्या गाडीच्या नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि रबरी टोकाची नीडल यांवर लक्ष ठेवा. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची पेट्रोलची नळी बंद करून बाऊल रिकामा होईपर्यंत इंजिन चालवायला मालकाला सांगा.

संध्याकाळी गुरुजी आले. मी गाडी स्लोवर सोडली आणि बोनेट उघडंच ठेवलं. मिस्त्रींनी एअर क्लीनरच्या झाकणावर पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी जेमतेम थरथरत होतं. गुरुजी बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत राहिले. मग गाडीत बसून रंकाळ्याला एक फेरी मारून आले आणि इंजिन चालू ठेवूनच म्हणाले, "उद्या मुलीकडं जायला हीच काढतो."