केळीरोपांची वेबसाइट गुगलवर वर कशी आणावी

रावेर-यावल पट्ट्यातली टिश्यू कल्चर नर्सरी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. तुमचा नंदुरबारला मिरचीचा धंदा असला तरी रीत हीच.

आधी एक. ‘महिनाभरात पहिल्या नंबरवर आणतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलने लिहून ठेवलंय. मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेले शोधशब्द) भरायचे पैसे मागणाराही त्यातलाच. क्रम लावताना आपण ते बघत नाही, हे गुगलने २००९ सालीच सांगितलं.

१. सर्च कन्सोलला, म्हणजे तुमची साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनाला, साइट जोडा आणि साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या.

२. साइट मोबाइलवर उघडा. गुगल मोबाइलवरचंच पान वाचतं. घडांचे अवजड फोटो हलके करा; पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा.

३. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवर (नकाशात आणि शोधात दिसणारी धंद्याची नोंद) पत्ता, वेळ, फोन नंबर अचूक टाका.

४. आता सर्च कन्सोलमधला परफॉर्मन्स रिपोर्ट. मी सगळ्यात जास्त अडखळलो ते इथेच, आणि बहुतेक जण हा रिपोर्ट न उघडताच नव्या साइटवर पैसे घालतात.

लोकांनी काय टाइप केलं, ते ‘क्वेरीज’मध्ये दिसतं. इम्प्रेशन (साइट निकालात किती वेळा दिसली) भरपूर, क्लिक जवळपास नाहीत आणि सरासरी स्थान आठ ते वीसच्या दरम्यान, अशा ओळी काढा. समजा ‘जी नाईन केळी रोप भाव’ सापडलं. त्यावर क्लिक करून ‘पेजेस’ उघडा. बहुतेक वेळा तिथे मुखपृष्ठ निघतं, आणि त्याचं शीर्षक असतं ‘गुणवत्तेची परंपरा’. शेतकऱ्याने भाव विचारला आणि तुम्ही परंपरा सांगताय! भावासाठी वेगळं पान करा. शीर्षकात रोप, जात आणि तालुका घ्या. पहिल्याच परिच्छेदात दर, बुकिंगची रक्कम आणि रोपं कधी मिळतील ते लिहा. दर लपवून ‘फोन करा’ एवढंच लिहिणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही.

‘पेजेस’मध्ये एकाच प्रश्नाला तुमचीच दोन पानं आलटूनपालटून दिसत असतील, तर त्यांचा मजकूर एका पानावर आणा आणि दुसऱ्याचा पत्ता ३०१ रीडायरेक्टने (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पानावर नेणारी सोय) तिकडे वळवा. रोमन लिपीत ‘keli’ लिहून शोधणारेही यादीत दिसतील. त्यांच्यासाठी पानभर रोमन मराठी कोंबू नका.

रावेर, चोपडा, मुक्ताईनगर अशी फक्त गावाची नावं बदलून पन्नास पानं करून देणारे जळगावात पैशाला पासरी आहेत. गुगलच्या नियमांत हा सरळ स्पॅम आहे. विकत घेतलेल्या लिंकांचंही तेच. चोपड्यासाठी पान हवंच असेल, तर तिथल्या पोहोचीचा खर्च आणि तिथल्या बागेचे फोटो टाका.

५. बदललेलं पान कन्सोलमधल्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून (एकेक पान तपासायची सोय) गुगलकडे पुन्हा पाठवा आणि काही आठवडे हात लावू नका.

रोज स्वतःच्या फोनवर नाव टाकून नंबर बघू नका. जागा आणि आधीचा शोध यांनी निकाल बदलतो. मागच्या महिन्याशी तुलनाही फसवी ठरते. मृगबागेची लागवड जून-जुलैची, कांदेबागेची सप्टेंबर-ऑक्टोबरची. त्याच्या तोंडावर रोपांचा शोध आपसूक वाढतो, मग उतरतो. कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवतं, तेव्हा यंदाचा मे गेल्या मे महिन्याशीच ताडून पाहा.