माशांचा चयापचय मोजताना या चुका टाळा

रेस्पिरोमीटर, म्हणजे बंद चेंबरमधला मासा किती ऑक्सिजन घेतो ते मोजणारी जोडणी, बिघडला तरी आकडे देतच राहतो, ही त्याची खरी अडचण. चेंबरमध्ये बॅक्टेरिया वाढले की मासा जास्त ऑक्सिजन घेतोय असं दिसतं, बुडबुडा अडकला की कमी घेतोय असं दिसतं. हे दोन्ही आकडे मग प्रबंधात 'खाद्याचा परिणाम' म्हणून छापले जातात. पुढची सगळी चर्चा इंटरमिटंट-फ्लो पद्धतीची आहे: चेंबर काही मिनिटं बंद ठेवायचा, ऑक्सिजन किती वेगाने उतरतो ते नोंदवायचं, मग ताजं पाणी खेळवायचं (हा फ्लश) आणि पुन्हा बंद करायचा. उदाहरणाला २० ग्रॅमची रोहूची बोटुकली आणि २८ अंश सेल्सिअसचं गोडं पाणी धरू.

चेंबर फार मोठा, आणि वेळेचा अंदाज चुकलेला

'मासा मोकळा राहावा' म्हणून पाच लिटरचा डबा घेतला जातो. हिशोब करून पाहा. ही बोटुकली किलोमागे ताशी २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन घेते असं समजलं, तर तिला तासाला ५ मिलिग्रॅम लागतो. पाच लिटरमध्ये दहा मिनिटांत डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) जेमतेम ०.१७ मिलिग्रॅम प्रतिलिटर उतरेल. डीओ मोजणाऱ्या साध्या प्रोबचं वाचन एवढं तर उगीचच हलतं. एक लिटरच्या चेंबरमध्ये त्याच दहा मिनिटांत ०.८५ ची घट मिळते आणि आलेखावरची रेघ सरळ येते. पाण्याचं आकारमान माशाच्या २० ते ५० पट ठेवा. त्याहून लहान चेंबरमध्ये ऑक्सिजन झरझर उतरतो आणि माशाला वळायलाही जागा उरत नाही.

मापन किती मिनिटं चालवायचं तेही इथेच ठरतं. समुद्रसपाटीला २८ अंशांचं संपृक्त गोडं पाणी लिटरमागे सुमारे ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं. डीओ ८० टक्क्यांच्या, म्हणजे साधारण ६.२५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. आपल्या उदाहरणात ही मर्यादा १८ मिनिटांत येते, म्हणून १० ते १२ मिनिटांवर थांबा. फ्लशचा पंप बंद झाल्यावरचं पहिलं एक-दीड मिनिट आकडेमोडीत धरू नका, कारण पाणी नीट मिसळेपर्यंत रेघ वाकडीच असते.

फ्लशमध्ये तर हमखास गफलत होते. एक लिटर ताजं पाणी सोडलं म्हणजे आतलं लिटरभर पाणी बदललं, असं होत नाही. नवं पाणी जुन्यात मिसळतच बाहेर पडतं, त्यामुळे एका आकारमानाने ६३ टक्केच पाणी बदलतं, तिपटीने ९५ टक्के आणि ४.६ पटीने ९९ टक्के. मिनिटाला एक लिटर देणारा पंप असेल तर पाच मिनिटं लागतातच. दर फेरीचा सुरुवातीचा डीओ आधीच्या फेरीपेक्षा थोडा खाली दिसत असेल, तर एक तर फ्लश अपुरा आहे किंवा बाहेरच्या टाकीतलाच डीओ घसरलाय. टाकीत दुसरा प्रोब ठेवला की यातलं कोणतं ते लगेच कळतं.

सूत्र सोपं आहे: डीओ उतरण्याचा वेग गुणिले पाण्याचं आकारमान, भागिले माशाचं वजन. गडबड होते ती आकारमानात. फिरत्या पाण्याच्या नळ्या आणि पंप यांतलं पाणीही त्यात धरायचं आणि माशाचं आकारमान वजा करायचं (१ ग्रॅमला १ मिलिलिटर धरलं तरी चालतं). सगळी जोडणी पाण्याने भरून वजन करा, चेंबरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका.

मासा नसतानाही ऑक्सिजन बदलतो

२८-३० अंशांच्या पाण्यात बॅक्टेरिया रातोरात वाढतात. मासा सोडण्याआधी आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा रिकामा चेंबर अर्धा ते एक तास चालवा आणि मधल्या काळासाठी दोन्ही आकड्यांच्या दरम्यान चढती रेघ धरून तेवढं वजा करा. एकदाच, तेही सुरुवातीला मोजलेली पार्श्वभूमी (रिकाम्या चेंबरचा हा ऑक्सिजन-वापर) जवळजवळ नेहमीच कमी भरते. ती माशाच्या दराच्या दहा टक्क्यांवर गेली तर वजाबाकीने भागत नाही: चेंबर आणि नळ्या पातळ ब्लीचने धुवा, भरपूर पाण्याने खळखळून काढा आणि क्लोरीनचा अंश थायोसल्फेटने मारा.

१ मिलिलिटरच्या बुडबुड्यात सुमारे ०.२७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे जवळपास ३५ मिलिलिटर संपृक्त पाण्यात असतो तेवढा. चेंबरमधला डीओ उतरू लागला की बुडबुड्यातला ऑक्सिजन हळूहळू पाण्यात विरघळतो आणि माशाचा दर कमी दिसतो. चेंबर पाण्याखाली बुडवूनच बंद करा आणि तिरका करून कोपरे तपासा. सिलिकॉनची नळीही असाच दगा देते, कारण तिच्यातून ऑक्सिजन आरपार जातो. जाड भिंतीची, कमी झिरपणारी नळी घ्या आणि ती आखूड ठेवा. शंका असेल तर नायट्रोजन सोडून डीओ खाली आणलेलं पाणी रिकाम्या चेंबरमध्ये भरा आणि अर्धा तास पाहा. आकडा वर चढला तर कुठून तरी हवा शिरतेय.

प्रोबचं शून्य जुळवण्यासाठी (कॅलिब्रेशन) १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १ ग्रॅम सोडियम सल्फाइट पुरतं. मात्र प्रोब नीट धुतला नाही तर उरलेलं सल्फाइट चेंबरमधला ऑक्सिजन खातं, आणि ते हुबेहूब श्वसनासारखं दिसतं. शंभर टक्क्यांच्या बाजूला हवेचा दाब विसरला जातो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे २८ अंशांना संपृक्त पाण्यात ७.८ नव्हे, सुमारे ७.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. मीटरमध्ये समुद्रसपाटीचा दाब तसाच राहिला तर प्रत्येक दर सहा-सात टक्क्यांनी फुगतो. खाऱ्या पाण्यात क्षारता न भरल्यास हीच चूक आणखी मोठी होते.

माशाची तयारी

खाल्लेला मासा पचनासाठी जादा ऑक्सिजन घेतो, म्हणून २४ ते ४८ तास उपाशी ठेवा. जाळीत धरल्यानंतरचे पहिले काही तास तर दर वरच असतो. संध्याकाळी चेंबरमध्ये सोडून रात्रभर मोजत राहणं हा त्यावरचा सरळ उपाय. स्टँडर्ड मेटॅबॉलिक रेट (उपाशी, शांत माशाचा किमान दर) काढताना सगळ्यात लहान आकडा उचलू नका, तो बहुधा नॉइज, म्हणजे मापनातला निव्वळ चढउतारच असतो. फेऱ्यांमधल्या खालच्या २० टक्क्यांची सीमा घेणं जास्त भरवशाचं. टाकीला आडोसा करा, समोरून माणूस गेला तरी आलेखावर टेकाड उठतं.

१० ग्रॅम आणि १०० ग्रॅमच्या माशांची किलोमागची तुलना करू नका. ऑक्सिजनचा वापर वजनाच्या ०.८ घाताप्रमाणे वाढतो असं धरलं तर मोठ्या माशाचा किलोमागचा दर लहानाच्या फक्त ६३ टक्के येतो, आणि त्यात खाद्याचा काही संबंध नसतो.

मरळ मात्र या पद्धतीत बसवूच नका. मोठा मरळ हवेवर जगतो, काठोकाठ भरलेल्या बंद चेंबरमध्ये तो बुडून मरतो. मागूर आणि पंगासही वर येऊन हवा घेतात. यांच्यासाठी पाणी आणि हवा दोन्हीतला ऑक्सिजन मोजणारी रचना हवी.

पाण्याची प्रत

तळ्यातला डीओ सकाळी अकराला मोजून 'पुरेसा' लिहिणं निरर्थक. तो सगळ्यात कमी असतो पहाटे, उजाडण्याच्या आधी. पीएचही दुपारी चढतो, म्हणून अमोनियाच्या नमुन्याबरोबर त्याच क्षणाचं पीएच आणि तापमान लिहायलाच हवं. एकूण अमोनिया तोच असला तरी २८ अंशांना त्यातला विषारी, आयन न झालेला भाग पीएच ७.५ ला सुमारे २ टक्के असतो, ८.५ ला १८ टक्के आणि ९ ला तब्बल ४१ टक्के. नमुना गाळून लगेच थंडीत ठेवा आणि २४ तासांत तपासा. उशीर होणार असेल तर गंधकाम्लाने पीएच २ च्या खाली आणा. तळ्यात फॉर्मेलिन वापरलं असेल तर नेसलर अभिकर्मकाने (अमोनिया मोजायचं एक रसायन) काढलेला आकडा विश्वासाचा नाही. त्या अभिकर्मकात पारा असतो, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.

बोअरचं पाणी थेट वापरू नका. त्यात डीओ कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त आणि नायट्रोजन कधीकधी अतिसंपृक्त असतो. दिवसभर हवा सोडा आणि पीएच त्यानंतरच मोजा.

अमोनिया उत्सर्जन चेंबरमध्येच मोजायचा मोह होतो, पण दर फ्लशमध्ये अमोनिया धुऊन जातो आणि बंद ठेवायची वेळ ऑक्सिजनमुळे अपुरी पडते. त्यासाठी वेगळा डबा घ्या: ठरावीक पाणी, मंद हवा, सुरुवातीला आणि दोन-तीन तासांनी एकेक नमुना. पीएच ८.५ च्या वर असेल तर हवेबरोबर काही अमोनिया उडून जातो. आणि किट 'अमोनिया' दाखवतं की 'अमोनिया-नायट्रोजन' ते डबीवर पाहून घ्या. दुसऱ्याचा आकडा १.२१६ ने गुणला की पहिला मिळतो. नायट्राइटला हाच गुणक ३.२८ आहे.