ईपी लॅबमधलं रेडिएशन: पेडलवरच्या पायापासून सुरू होणाऱ्या या चुका टाळा

अ‍ॅब्लेशन (हृदयाची लय बिघडवणारा छोटा भाग निकामी करणं; ते ईपी लॅबमध्ये, म्हणजे लयीचे आजार तपासायच्या लॅबमध्ये होतं) चालू असताना एकदा स्क्रीनऐवजी ऑपरेटरच्या पायाकडे बघा. कॅथेटर (हृदयात सरकवलेली बारीक नळी) जागेवर बसलाय, सगळ्यांचे डोळे इलेक्ट्रोग्रामवर, म्हणजे हृदयातल्या विद्युत सिग्नलच्या आलेखावर आहेत, सिग्नल नक्की कुठला यावर चर्चा रंगलीय आणि पाय मात्र पेडलवर तसाच. फ्लोरोचं, म्हणजे पेडल दाबलेलं असेपर्यंत चालणाऱ्या एक्स-रेचं चित्र कुणीच बघत नाही. पेशंटला आणि आपल्याला मिळणारा हा डोस निव्वळ वाया गेलेला असतो.

नियम एकच ठेवा: नजर फ्लोरोवर असेल तरच पाय पेडलवर. पाय उचलला की शेवटची इमेज स्क्रीनवर राहतेच, आणि कॅथेटर कुठे आहे हे कळायला बहुतेक वेळा ती पुरते. नवीन फेलो शिकत असतात तेव्हा मी शेजारून फक्त "पाय!" एवढंच म्हणते. चारपाच केसनंतर म्हणावं लागत नाही. फ्लोरोची पाच मिनिटं झाल्याचा बझर वाजला की बटण दाबून तो गप्प करू नका. आतापर्यंत एकूण डोस किती झाला ते मोठ्याने सांगा. नुसती मिनिटं सांगून भागत नाही. वीस मिनिटांचा फ्लोरो कमी फ्रेम रेटवर झाला की जास्त, यावर डोस कितीतरी बदलतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे अँजिओग्राफीचं सेटिंग तसंच वापरणं. सकाळी अँजिओ झालेली असते, मशीन सेकंदाला 15 फ्रेमवर असतं आणि दुपारची ईपी केस त्याच्यावरच सुरू होते. बारीक रक्तवाहिन्या बघायला तेवढं चित्र लागतं, पण कॅथेटरचे धातूचे इलेक्ट्रोड अंधुक चित्रातही स्पष्ट दिसतात. 7.5 वर आणलं तर डोस साधारण निम्म्यावर येतो, आणि 3-4 फ्रेमवरही काम होतं. सुरुवातीला चित्र अडखळत चालल्यासारखं वाटेल, पण डोळ्यांना लवकर सवय होते. सिनेचंही (जास्त स्पष्ट चित्रांचं रेकॉर्डिंग) तेच: एका फ्रेमला लागणारा डोस फ्लोरोच्या कितीतरी पट असतो. नोंद हवी असेल तर फ्लोरोच सेव्ह करा.

डिटेक्टर (पेशंटच्या वर असलेली, एक्स-रे टिपणारी पाटी) छातीपासून लांब आणि टेबल खाली, ही जोडी नेहमी दिसते. ड्रेपिंगसाठी डिटेक्टर वर घेतलेला असतो, तो परत खाली आणायचा राहून जातो. टेबल वर, डिटेक्टर जवळ, आणि कोलिमेटर (एक्स-रेचा झोत आवळणाऱ्या पट्ट्या) जेवढं बघायचं तेवढ्यावर. उगाच झूम नको. एलएओमध्ये (डावीकडून तिरक्या अँगलमध्ये) एक्स-रे सोडणारी ट्यूब ऑपरेटरच्या बाजूला येते, त्यामुळे अंगावर येणारा स्कॅटर, म्हणजे विखुरलेले किरण वाढतात. त्या अँगलला गरजेपुरतंच थांबा.

छताला टांगलेला, किरण अडवणारा शिल्ड पंक्चरच्या वेळी (शिरेत सुई घालताना) बाजूला ढकलतात आणि तो केस संपेपर्यंत तिथेच राहतो. स्कॅटर येतो तो पेशंटच्या शरीरातून, म्हणून शिल्ड पेशंटला लागूनच हवा. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात तर डोस साधारण चौथाई होतो. औषध द्यायला पुढे आलेल्या सिस्टरना आधी सांगा, मग पेडल दाबा.

थ्रीडी मॅपिंग (एक्स-रेशिवाय हृदयाचा नकाशा आणि त्यावर कॅथेटर दाखवणारी यंत्रणा) असूनही "खात्रीसाठी" पेडल दाबलं जातं. मॅपवर कॅथेटर दिसत असेल तर ही खात्री कशाची? ट्रान्ससेप्टलसारख्या (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा भेदायच्या) नाजूक वेळी मात्र, इको नीट दिसत नसेल, तर फ्लोरो वापरायला अजिबात कचरू नका. झिरो फ्लोरोचा हट्ट सुरक्षिततेपेक्षा मोठा नाही.

डोस मोजणारा बॅज ड्रॉवरमध्ये ठेवणं मला सगळ्यात जास्त खटकतं. एक अ‍ॅप्रनच्या आत, एक बाहेर कॉलरपाशी, असे दोन लावा. डोळ्याच्या भिंगासाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्टपर्यंतच असावी, असं आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते. बॅजच लावला नाही, तर आपण कुठे आहोत हे कसं कळणार?

आणि केस लांबली, एअर कर्मा (मशीन दाखवतं तो एकूण डोस) 5 ग्रेपर्यंत गेला, तर डिस्चार्ज कार्डावर तो आकडा लिहा. पाठीवरची लाली काही आठवड्यांनी उमटू शकते. तेव्हा पेशंट त्वचेच्या डॉक्टरांकडे जातो आणि अ‍ॅब्लेशनचा उल्लेखही करत नाही. "पाठ लाल झाली, दुखू लागली तर आम्हाला आधी फोन करा" हे घरच्यांनाही समोर बसवून सांगा.