सरपणासाठी हातमोजे: जाडी शेवटी बघा

मे महिना सरत आला की आमच्या कोकणात सरपणाच्या बेगमीची घाई उडते. अकेशिया, काजू, किंजळ, जे मिळेल ते फोडून, वाळवून पाऊस लागायच्या आत पडवीत रचलं गेलं पाहिजे; नाहीतर पुढचे चार महिने न्हाणीतला बंब नुसता धुमसतो. दोन वर्षांपूर्वी या कामाला मी दुकानातले सगळ्यात जाड हातमोजे आणले, वेल्डिंगवाले. तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बेचक्यात शिवण उसवली. चामडं मात्र कोरं करकरीत! तेव्हापासून मी मोजा हातात घेतला की आधी तो कुठून फाटेल ते बघतो.

आधी काम ठरवा

फोडलेली, वाळलेली लाकडं उचलून रचायची एवढंच असेल तर विणलेल्या कापडावर तळव्याला नायट्रिलचा, म्हणजे एका कृत्रिम रबराचा, थर दिलेले मोजे पुरतात. बोटं मोकळी राहतात, लाकूड निसटत नाही, कूसही सहसा आत शिरत नाही. पाठीला मात्र नुसतं कापड असतं. बाभूळ, खैर, बोर असलं काटेरी लाकूड ओढायचं तर तिथूनच काटा घुसतो. त्याला पुढून-मागून चामड्याचा, मनगटाच्या वर चार बोटं येणारा मोजाच हवा. टिपक्या-टिपक्यांचे सुती मोजे स्वस्त मिळतात, पण खडबडीत सालीवर त्यांचे धागे लवकर निघतात. चुलीत लाकूड सारताना तर ते किंवा रबरी थराचे मोजे घालूच नका. थर वितळला की कातडीला चिकटतो.

कुऱ्हाड चालवताना जाड मोजा नको. दांड्यावरची पकड कळत नाही आणि घाव भलतीकडे जातो. घालायचाच तर पातळ, हाताला चपखल बसणारा घाला. वखारीतल्या चक्रीजवळ मोजे काढूनच जायचं. दात्यात टोक अडकलं तर मोज्याबरोबर हातही आत खेचला जातो.

मग चामडं ओळखा

चामड्याच्या मोज्याच्या दोन जाती. एकाची बाहेरची बाजू गुळगुळीत असते, म्हणजे कातड्याचा वरचा, घट्ट थर. दुसरा दोन्हीकडून लवदार, म्हणजे खालचा, सुटा थर. दुकानात जाड आणि स्वस्त दिसतो तो बहुधा दुसरा. वेल्डिंगला तो चालतो, पण रोज लाकूड घासून त्याची लव निघते, पाण्याने तो फुगतो, वाळला की पत्रा होतो. काटेरी कामाला मी गुळगुळीत बाजूचा, मऊ आणि मध्यम जाडीचा घेतो. तळवा दुमडून बघा. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर चामडं कोरडं पडलंय, ठेवून द्या.

शिवण उलटी करून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बाह्या दुमडून मोजा जमेल तितका उलटा करा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली शिवण दोन्ही हातांनी ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर तो मोजा माझ्यासारखाच तुम्हालाही फसवणार. तिथे चामड्याची वेगळी पट्टी घालून दुहेरी शिवण मारलेली असावी. बोटांच्या टोकांवर शिवण येत असेल तर ती आत वळलेली हवी, कारण ओंडक्याखाली बोटं घातली की पहिला घासा तिथेच बसतो.

माप घ्या

बोटांच्या मुळाशी, अंगठा सोडून, तळव्याभोवती टेप गुंडाळा. 8 इंच आले तर 8 नंबर, 9 आले तर 9. खेड्यातल्या दुकानात 'फ्री साइज' म्हणून जे देतात ते बहुतेक मोठ्या पुरुषी हाताचं असतं, आणि सरपण वाहणाऱ्या तर जास्त करून बायका. सैल मोज्याची बोटं लोंबतात, तळव्याला चुण्या पडतात, चुण्यांनी फोड येतात. मग आई म्हणते, "नको रे ते, नुसत्या हातानेच बरं!" तिच्या मापाचा जोड आणून दिल्यापासून तिची तक्रार बंद झाली.

छाप असेल तर वाचा

चांगल्या मोज्यावर ढालीत हातोड्याचं चित्र आणि खाली 'ईएन 388' (हातमोज्यांच्या मजबुतीचं युरोपीय मानक) लिहून पुढे आकडे असतात. पहिला आकडा घासून झिजण्याचा: 4 म्हणजे 8000 घासे सोसले, 1 म्हणजे जेमतेम 100. तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. सरपणाला मी पहिला आणि तिसरा बघतो. चौथ्यावर फार विसंबू नका. ती चाचणी जाड पोलादी टोकाने घेतात, बाभळीचा काटा त्याहून कितीतरी बारीक.

आता एक गोष्ट मोज्याच्या पलीकडची. लाकडांचा जुना ढीग म्हणजे विंचवाचं आणि फुरशाचं घर. मोजे आहेत म्हणून बिनधास्त हात खुपसू नका, आधी काठीने वरची लाकडं हलवा. लाकडाबरोबर खाजकुयलीचा वेल आला असेल तर त्याची कुसं मोज्यावर बसतात. त्याच हाताने घाम पुसलात तर दिवसभर नाचाल. बिब्ब्याच्या झाडाला तर हातच लावू नका. त्याचा चीक मोज्यात मुरतो आणि पुढच्या वेळी अंगावर उततो.

भिजलेलं चामडं चुलीजवळ वाळवलं की तडकतं. सावलीत, वाऱ्यावर, बोटं खाली करून टांगा. पावसाळ्यात बुरशी धरली तर कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा वाऱ्याला लावा. आणि टांगलेला मोजा सकाळी घालण्याआधी जमिनीवर दोनदा आपटा. आमच्या मोज्यातून एकदा विंचवाचं पिल्लू पडलं होतं, नखाएवढं, पण नांगी वर करून.